हौद्यातलं वजन आणि हौद्यावरचा वारा

पिकअपच्या मालकाला "गाडी किती देते?" असं विचारून उपयोग नसतो. स्कूटरवाला फटकन आकडा सांगतो, कारवाला त्यात आपल्या खुशीने एक-दोन घालून सांगतो, पिकअपवाला मात्र उलट विचारतो, "काय भरून?" आमच्या घरात या विषयावर जेवताना वाद होतात, पाहुण्यांसमोरही होतात. दादाच्या दोन पिकअप भाड्याने फिरतात आणि त्यांच्या डिझेलचा हिशेब माझ्याकडे आहे. गोव्यात साखळी गावाला राहिलं की चारी बाजूंचा माल दारावरून जातो. दोडामार्गकडचे जांभ्या दगडाचे चिरे, चोर्ला घाटातून उतरणारी बेळगावची भाजी, मंडपाचे खांब, चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मूर्ती, आणि मे संपता संपता किनाऱ्यावरून उचललेल्या बोटी.

दादाचं मत ठाम आहे. डिझेल वजन खातं. बाकी सगळ्या ड्रायव्हरच्या गप्पा. भाडंही तो त्याच हिशेबाने सांगत आला. टन किती, अंतर किती, घाट आहे की नाही. तसं पाहिलं तर यात खोट काढण्यासारखं काही नाही. चढावर वजन आपला हिस्सा घेतंच. पण वहीतले आकडे दादाच्या मताला जुमानत नव्हते.

ही वही लांबट, निळ्या रेघांची, डॅशबोर्डवर उन्हात पडून पिवळी झालेली. पानांच्या कडांना ऑइलचे अंगठे उमटलेले. रकाने चारच: तारीख, किलोमीटर, डिझेल, माल. पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. शक्यतो पंप तोच, गाडी उभी करायची जागा तीच, आणि नॉझलचा पहिला खटका वाजला की थांबायचं. त्यानंतर पंपावरचा पोरगा कौतुकाने अजून थोडं ठोकून भरतो तेव्हा माझा हिशेब बिघडतो, म्हणून आमच्या ड्रायव्हरला "खटका वाजला की हात काढा" असं ओरडायची सवय लागली आहे. तो खानापूरचा. मराठी बेळगावी वळणाची, स्वभाव शांत, गाडीच्या बाबतीत कान तिखट.

तर भानगड अशी. चिऱ्यांच्या खेपेला गाडी जेवढं डिझेल प्यायची, साधारण तेवढंच, कधी त्याहून जास्त, थर्माकोलच्या खेपेला प्यायची. चिरा म्हणजे एकेक तीसेक किलोचा ऐवज. हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, दोन थर लागले की मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट होतात आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. थर्माकोलची खोकी म्हणजे मासळीची, रिकामी, दक्षिणेत कुटबण जेटीकडे जाणारी. सगळा माल मिळून शंभर-सव्वाशे किलो. पाट्यांना पत्ताही लागत नाही. मात्र ती रचतात केबिनच्या वर आणखी पुरुषभर, वरून जाळी, जाळीवर दोर.

दादा म्हणाला, ड्रायव्हर डिझेल काढून विकत असेल. ड्रायव्हरला मी सरळच विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, वजन कुठलं आलंय त्यात. वारं ओढतंय की ओ मागनं. वेर्ण्याच्या पठारावर आलं की गाडी पाचव्यात राहतच नाही, चौथा मारावा लागतो."

त्याचं म्हणणं शाळेतल्या भौतिकशास्त्राला धरून आहे. सपाट रस्त्यावर गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक म्हणजे टायर, जो रस्त्यावर सतत दबतो आणि सुटतो. हा अडथळा वजनाच्या प्रमाणात असतो. वेग वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही. दुसरी हवा. तिला वजनाशी काही देणंघेणं नाही. समोरून गाडी किती उंच, किती रुंद, किती बोथट, आणि ती किती वेगात येते, एवढंच ती पाहते. आणि वेगाचा हिशेब ती वर्गाने लावते. चाळीसचा वेग ऐंशी केला की हवेचा अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. साठवरून ऐंशीवर गेलं तर वेग वाढतो एक तृतीयांशाने, हवेचा अडथळा होतो पावणेदोन पटीहून अधिक. त्या अडथळ्याशी झगडायला इंजिनाला लागणारी ताकद तर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे याच साठ-ऐंशीत ती सव्वादोन पटीच्या पुढे जाते.

मोकळ्या पिकअपला साधारण साठ-सत्तरच्या आसपास टायर आणि हवा यांचा वाटा सारखा होतो. त्याखाली टायर वरचढ, त्यावर हवा. हौद्यावर पुरुषभर उंच सपाट भिंत उभी केली की ही सीमा पार खाली घसरते. मी कागदावर मांडून पाहिलं. टनभर चिऱ्यांमुळे टायरांचा अडथळा जेवढा वाढतो, त्याच्या कितीतरी जास्त अडथळा ती हलकी भिंत ऐंशीच्या वेगाला उभा करते. वेग पुष्कळ उतरला की मात्र उलट. तिथे चिरेच जड. थर्माकोल घेऊन गावातल्या रस्त्याने हळूहळू गेलात तर वारा तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

इथेच खरी गंमत आहे. चिरे भरलेली गाडी कोणी ऐंशीने हाकत नाही. ब्रेक उशिरा लागतो, वळणावर अंग टाकते, ड्रायव्हर आपोआप पन्नासच्या आत राहतो. रिकामी खोकी भरली की पाय हलका राहत नाही. गाडी उडते असं वाटतं. म्हणजे ज्या मालाला हळू जायचा सगळ्यात जास्त फायदा, तोच माल सगळ्यात जोरात नेला जातो. ऐंशीच्या पुढे तर आमच्या गाड्या जातच नाहीत. १ ऑक्टोबर २०१५ नंतरच्या मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक सक्तीचा आहे, ऐंशीला इंजिन हात वर करतं. त्यामुळे गोव्यात पिकअपच्या वेगाचा सगळा वाद पन्नास आणि ऐंशी यांच्यामधला. पण तेवढ्यातच किती पैसे जातात ते पाहायचं असेल तर १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघाचा जुना सल्ला बघावा. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने कार चालवली तर ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळू शकतं, असं ते सांगत आले आहेत. हे कारचं. पिकअप समोरून कारपेक्षा बोथट.

पिकअपचं खरं माहेर अमेरिका, आणि तिथे हा प्रश्न सरकारदरबारी गेलेला आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, आणि १९७४ च्या २ जानेवारीला निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. म्हणजे ताशी साधारण ८९ किलोमीटर. हेतू अपघात टाळण्याचा नव्हता, तेल वाचवण्याचा होता. लोकांनी ती मर्यादा मनापासून कधी पाळली नाही, आणि १९९५ मध्ये ती राष्ट्रीय पातळीवरून गेली. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मात्र आजही ५५ मैलांचीच मर्यादा आहे, बाकीच्या गाड्या शेजारून कितीही पळोत.

तिकडचे लोक पिकअपच्या मागे घरच बांधून नेतात. चाकांवरचं घर, आत पलंग, शेगडी, न्हाणी. असा उंच ट्रेलर लावला की गाडीचं मायलेज निम्म्यावर येतं, ही तिथे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. गाडी विकताना काचेवर जो सरकारी मायलेजचा आकडा चिकटवलेला असतो तो ट्रेलर न लावता काढलेला असतो, त्यामुळे पहिल्या सहलीला बऱ्याच जणांचे डोळे पांढरे होतात. आणि त्यांच्याकडेही दादासारखे आहेतच, जे ट्रेलरचं वजन विचारतात. सपाट महामार्गावर वजनाने दुप्पट असलेला, पण बुटका, उघडा ट्रेलर त्या उंच खोक्यापेक्षा कमी इंधनात जाऊ शकतो, कारण तो गाडीच्याच आडोशाने चालतो. केबिनने हवा एकदा फोडली की मागच्या बुटक्या मालाला ती पुन्हा फोडावी लागत नाही. उंच खोकं केबिनच्या वर डोकं काढतं आणि स्वतःची वेगळी हवा अंगावर घेतं.

फाळक्याचीही, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेचीही, एक समजूत दोन्हीकडे सारखीच दिसते. हौदा मोकळा असेल तर फाळका पाडून जावं, वारा मागून निघून जातो आणि डिझेल वाचतं, असं आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात. अमेरिकेतही हेच सांगायचे. प्रत्यक्षात फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरून येणारी हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. फायदा नाहीच, बहुधा थोडा तोटाच. शिवाय पाडलेला फाळका स्कूटरवाल्याच्या छातीच्या उंचीवर येतो, ते वेगळंच.

आमच्याकडे ट्रेलर म्हणजे बोटींची ट्रॉली. पावसाळ्यात पाण्यावरचे खेळ बंद होतात. मे संपत आला की कांदोळी, कोळंगूट, बागा या पट्ट्यातल्या फायबरच्या बोटी किनाऱ्यावरून काढून आत कुठे कुठे शेडमध्ये नेतात. वाळूतून ट्रॅक्टर ओढतो. डांबरी रस्त्याला लागली की ट्रॉली आमच्या पिकअपच्या हुकाला. त्या पंधरवड्यात किनाऱ्यावर फेस्ताची गर्दी आणि तसलाच आरडाओरडा. आकाश भरून आलेलं, मालक घाईत, दोर ओले.

अशा वेळी आमचा ड्रायव्हर कोणाच्या घाईला दाद देत नाही. आधी तो ट्रॉलीची दांडी हाताने उचलून बघतो. दांडी अगदीच हलकी लागली तर माल मागे गेला आहे, बोट पुढे सरकवा. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असा ढोबळ नियम आहे. त्याहून कमी आला तर वेग वाढताच ट्रॉली शेपटी हलवायला लागते आणि मग ती गाडीलाच चालवते. हुकाखालून साखळ्या आडव्या-तिडव्या घालायच्या, म्हणजे दांडी निसटलीच तर रस्त्यावर न आपटता साखळीत पडेल. बोटीवरचं सावलीचं छप्पर मिटवून बांधायचं. ते उघडं ठेवून निघालेली गाडी मी पाहिलेली आहे. छत्री उघडून पळत सुटावं तसा तो प्रकार.

मग तो टायर दाबून बघतो. वर्षभर वाळूत उभ्या ट्रॉलीच्या टायरांत हवा नावापुरती असते. टायरांचा दाब एक पीएसआय कमी झाला तर इंधनाचं नुकसान ०.२ टक्के, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. ऐकायला किरकोळ, पण ट्रॉलीत दाब दहा-पंधराने कमी असणं नेहमीचं, आणि ती चाकं आपल्या गाडीच्या चार चाकांत भरीला पडतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम तो पाच-सात किलोमीटर गेल्यावर करतो. कडेला थांबतो, उतरतो आणि ट्रॉलीच्या चाकाच्या मध्यभागी, हबला, पालथा हात लावतो. दोन्ही बाजूंना. हात टेकवता आला तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक धरून बसलाय. या ट्रॉल्या बोट सोडताना खाऱ्या पाण्यात बुडतात. हब तापलेला असेल तर थंड पाण्यात शिरताना आत पाणी ओढून घेतो. एकदा टोपी काढली तेव्हा आतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं. अशा चाकाला फिरायला जी ताकद लागते ती सगळी डिझेलमधून जाते आणि उष्णता होऊन त्या हबमधून बाहेर पडते. ती तिथे हाताला लागते आणि पंपावर खिशाला.

घाटाचा हिशेब वेगळा. तिथे दादाचं राज्य. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. डिझेलच्या एका लिटरमधून इंजिन जेवढं काम प्रत्यक्षात चाकांपर्यंत पोचवतं, त्याच्या हिशेबाने भरलेली तीन टनांची पिकअप साडेसातशे मीटर नुसती वर चढवायला पावणेदोन ते दोन लिटर लागतात. हे रस्ता कापायचं डिझेल सोडून, निव्वळ उंचीचं. मोकळी पावणेदोन टनांची गाडी असेल तर एक लिटर. इथे वारा कोणी विचारत नाही. केरीच्या पुढच्या वळणांवर गाडी तिशी-चाळिशीच्या वर जातच नाही.

आता गोव्याच्या भाजीचं नशीब बघा. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावकडून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीत मिळणारी भाजीही त्यातलीच. माल वर पिकतो, गिऱ्हाईक खाली बसलेलं. म्हणजे गाडी चढते मोकळी आणि उतरते भरून. निसर्गानेच भाड्यात सूट दिल्यासारखी. उलट आमच्याकडून वर जाते ती मासळी, बर्फासकट, म्हणजे निम्मं पाणीच घाटावर चढवायचं. मासळीच्या खेपेला वहीत डिझेलचा आकडा फुगतो तो का, हे दादाला समजावून सांगावं लागत नाही.

उतरताना एक खोड पुष्कळ ड्रायव्हरांना असते. माथ्यावर आलं की न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणे. जुन्या इंजिनांच्या काळात यात थोडं तथ्य असेलही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की इंजिनाला बंद न पडण्यासाठी स्वतःचं डिझेल प्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस डिझेल जाळून आपले ब्रेक तापवतो. भरलेली गाडी, पावसात धुकं, पुढे अचानक थांबलेली बस. चोर्ल्यात हा धंदा मला बघवत नाही. आमच्या गाडीत त्यावर बंदी आहे, आणि ही बंदी घालताना दादा आणि मी एका बाजूला होतो, जे क्वचित घडतं.

घाट सोडला तर उरतो गोव्याचा सपाट रस्ता, आणि तिथली घाई. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर. कागदावर साठने पावणेदोन तास, ऐंशीने एक तास एकोणीस मिनिटं. पण एवढं अंतर सलग ऐंशीने जाऊन दाखवणारा पिकअपवाला मला अजून भेटायचा आहे. पर्वरी आहे, कुठ्ठाळी आहे, मध्येच आडवी आलेली म्हैस आहे. ऐंशी गाठायची, ब्रेक मारायचा, पुन्हा ऐंशी गाठायची. तीन टनांची गाडी थांब्यापासून ऐंशीला नेताना केवळ त्या वेगासाठी साठेक मिलिलिटर डिझेल जातं. साठला नेताना पस्तीसेक. ब्रेक मारला की ते सगळं ड्रमच्या उष्णतेत गेलं. दिवसभरात असे ब्रेक किती लागतात ते गोव्यात गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. नव्या जुवारी पुलावरून मोकळा रस्ता दिसतो म्हणून गाडी ताणायची आणि खाली उतरताच रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राहायचं, हा प्रकार रोज बघायला मिळतो.

हे सगळं मी दादापुढे मांडलं तेव्हा त्याने पहिला उपाय काढला तो व्यापाऱ्याचा. खोकी बुटकी रचा, दोन खेपा करा. ते मी मोडून काढलं. दोन खेपा म्हणजे दोनदा टायर, दोनदा इंजिन, दोनदा ड्रायव्हर. त्यापेक्षा एकच उंच खेप स्वस्त. फक्त ती पन्नास-पंचावन्नने न्यायची. ड्रायव्हरची अडचण वेगळी होती. महामार्गावर पंचावन्नने गेलं की मागचे हॉर्न मारून जीव घेतात. शिवाय पहाटे ट्रॉलर लागायच्या आत खोकी जेटीवर हवीत, उशीर झाला तर बर्फ वितळतो आणि शिव्या त्याला पडतात. मग ठरलं, अर्धा तास आधी निघायचं. डाव्या कडेने, दिवे लावून, जाळीवर ताडपत्री न घालता घट्ट दोर. फडफडणारी ताडपत्री वाऱ्याला आणखी हात देते.

खोकीवाल्याला दादाने नवा दर सांगितला तोही उंचीवर. केबिनच्या वर प्रत्येक ओळीला इतके जादा. तो चक्रावला. "अहो शेट, त्यात वजन नाही काही. हवेचं भाडं घेता काय?" दादा शांतपणे म्हणाला, "हवेचंच." आणि मी सांगितलेलं वर्गाचं सूत्र त्याने त्या माणसाला असं काही ऐकवलं, जणू ते त्यानेच वेर्ण्याच्या पठारावर उभं राहून शोधलं असावं. थोडी घासाघीस झाली, दोन ओळी फुकट सोडल्या, व्यवहार ठरला.

वजनापेक्षा वारा जास्त खातो हे एकदा मान्य केल्यावर चिऱ्यांचं भाडं थोडं उतरायला हवं, तो विषय मात्र दादाने अजून काढलेला नाही.